ट्रॅक्टरचे तेल का गळते?

मागच्या चाकाच्या आतून काळ्या तेलाचा ओघळ दिसला की आपल्या उटनूर भागात लगेच निदान होते, ‘सील गेले’. नवे सील बसते आणि महिन्याभरात ओघळ पुन्हा दिसू लागतो. मग बोल लागतो तो ‘डुप्लिकेट माला’ला. माझ्या मते पुष्कळदा बिचारे सील निर्दोष असते.

ऑइल सील म्हणजे पत्र्याच्या कड्यात बसवलेली रबराची पातळ कड आणि तिला शाफ्टवर आवळून धरणारी बारीक गोल स्प्रिंग. ही कड तेलाच्या बाजूला तोंड करून बसवायची असते. ती शाफ्टवर कोरडी घासत नाही, मध्ये तेलाचा अतिशय पातळ थर असतो. पूर्वी ही कड चामड्याची असे. जर्मनीतील वाइनहाइम येथे अशी सीले करणारा फ्रॉइडेनबर्ग हा मुळात कातडी कमावण्याचा कारखाना! चामड्याच्या मोटेने पाणी काढणाऱ्या आपल्या आजोबांना हे चटकन उमगले असते.

आता भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी इकडे लक्ष द्यावे. ॲक्सलच्या घरात तेल असते व तेलावर हवा. सकाळी तिचे तापमान २७ अंश आणि दिवसभराच्या नांगरटीनंतर ८७ अंश धरू. केल्व्हिनमध्ये हे ३०० व ३६०. घर बंद असेल तर दाब एक-पंचमांशाने वाढणार, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.२ किलो. शिवाय तेल फुगून हवेची जागा आणखी कमी करते. नवे सील एवढे सोसते, झिजलेले सोसत नाही. म्हणूनच घरावर ब्रीदर नावाची छोटी सच्छिद्र टोपी असते. आपल्या काळ्या मातीचा चिखल तिच्यावर वाळला की छिद्र बुजलेच.

आमच्या शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरला दोनदा सील घालूनही गळती थांबेना. शेवटी आलेल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी चाकाला हात न लावता आधी ही टोपी सैल केली. फुस्स आवाज झाला. मला म्हणाले, “सर, सीलचा दोष नाही जी. हवेले निघायले जागा नाही.”

तरी त्यांनी चाक उतरवलेच. शाफ्ट हलवून बेअरिंग ढिले नाही ना ते पाहिले. मग सील जिथे घासते तिथे नख फिरवले. नख अडले तर तेथे खाच पडली आहे. अशा वेळी नवे सील किंचित पुढे-मागे बसवावे किंवा शाफ्टवर स्लीव्ह चढवावी, नाहीतर सगळी मेहनत फुकट. नव्या सीलचे माप जुन्यावरच छापलेले असते. ४५-६२-८ म्हणजे शाफ्टचा व्यास, घराचा व्यास व जाडी, सर्व मिलिमीटरमध्ये. कडेला तेल लावावे, शाफ्टच्या दात्यांवर कागद गुंडाळावा आणि योग्य मापाच्या पाइपने सील चहूबाजूंनी सारखे ठोकावे. एका बाजूने हातोडी मारणारे पुष्कळ पाहिले आहेत.

थेंबभर तेलासाठी एवढा खटाटोप कशाला, असे विचारणाऱ्यांनी आपल्या ट्रॅक्टरचे ब्रेक कोरडे आहेत का ते पाहावे. तसे असतील तर हेच तेल लायनिंगवर जाऊ शकते. मग एक चाक धरते, दुसरे घसरते. उटनूरहून इंद्रवेल्ली, गुडीहत्नूरमार्गे आदिलाबादच्या बाजारात कापसाची भरली ट्रॉली नेताना उतारावर असे झाले तर ट्रॅक्टर आडवा होतो. तेल प्यालेले लायनिंग पेट्रोलने धुऊन भागत नाही, ते नवेच घालावे लागते.