सायकलीने बिदर: एक दिवस

प्रश्न: युरोपात लोक सायकलीने खेडोपाडी हिंडतात, बिदर परिसरात तसे एका दिवसात काय पाहता येईल?
– एक वाचक, भालकी

उत्तर: त्या मुलुखातील शीतल हवा आपल्या माळावर नसल्याने, हिवाळ्यातील दिवस निवडून, पाण्याचा चोख बंदोबस्त करून, महमूद गवानाच्या १४७२ सालच्या मदरशाच्या भिंतीवरील रंगीत फरशा सकाळच्या उन्हात न्याहाळून, चौखंडीमार्गे कोस-दीड कोसावरील मौजे अष्टूर गाठावे. तेथे, ज्यास मुसलमान वली व लिंगायत अल्लमप्रभू मानून वंदितात, त्या अहमदशहा बहमनीच्या मकबऱ्यातील घुमटाचे चित्रकाम पाहण्यात तास गेला तरी तो सार्थकी लागला समजावे. (घाई करणाऱ्याने मोटारच करावी.) परतताना शहराच्या पश्चिमेकडील बरीदशाही मकबरे पाहावेत, जांभ्याची तांबडी धूळ साखळीत शिरते, तेव्हा तेलाची कुपी जवळ असू द्यावी.