टायर बर्फ पाहून नव्हे, थंडी पाहून बदला

मुलांनो, गेल्या नोव्हेंबरात आम्ही बापलेक आमच्या मियाटा स्पोर्ट्स कारमधून मराठीच्या वर्गाला निघालो होतो. बर्फ नाही, पाऊस नाही, रस्ता कोरडा. तरी स्टॉपच्या पाटीपाशी गाडी घसरली आणि चौकात जाऊन थांबली. समोरून कोणी येत नव्हते, म्हणून निभावले. चूक आमचीच. उन्हाळी टायर बदलले नव्हते.

असे का झाले? उन्हाळी परफॉर्मन्स टायरचे रबर गरम रस्ता घट्ट धरते. पण साधारण ७ अंश सेल्सियस, म्हणजे ४५ फॅरनहाइटच्या खाली ते कडक होते आणि पकड कमी होते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते, त्यावरच्या बारीक चिरा बर्फ धरतात. उन्हाळ्यात मात्र ते लवकर झिजते. ऑल-सीझन टायर या दोन्हींच्या मधला. पावसात पाणी बाहेर काढतात त्या खाचा.

नवे शब्द : पकड, खाच, चीर, झीज.

गृहपाठ : पेनी उलटी धरून खाचेत घाला. लिंकनचे पूर्ण डोके दिसले, तर खाच १.६ मिलिमीटरही उरलेली नाही. आईबाबांना लगेच सांगा, आणि मराठीत सांगा!