बंद होणाऱ्या खिडकीची माहितीपुस्तिका

तुमच्या घरी शेतजमिनीचे जुने कागद असतील तर वडीलधाऱ्यांना विचारून एकदा काढून पाहा. एखाद्या जुन्या उताऱ्यावर क्षेत्राच्या रकान्यात नुसते २-२० असे लिहिलेले असेल. हे झाले २ एकर २० गुंठे. ४० गुंठ्यांचा एक एकर. तेव्हा जमीन अडीच एकर, म्हणजे सुमारे १ हेक्टर १ आर. पण आजच्या सात-बाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. ती सवय असलेला माणूस हाच आकडा २ हेक्टर २० आर असा वाचेल आणि जमीन बसल्या जागी दुपटीहून अधिक होईल!

हे आठवण्याचे कारण माझा एक जुना विद्यार्थी. रस्तेबांधणी करणाऱ्या एका ठेकेदाराकडे तो यंत्रांच्या नोंदी सांभाळतो. दिवाळीत भेटायला आला तेव्हा जरा चिडलेला होता. म्हणाला, “सर, आमचे नोंदी पाहण्याचे साधन मार्चअखेर बंद होणार आहे, आणि मला त्याचीच माहितीपुस्तिका लिहायला सांगितली आहे. पाडायच्या घराला रंग देण्यासारखेच नाही का हे?”

मी त्याला काय उत्तर दिले ते सांगण्यापूर्वी हे साधन काय असते ते पाहू. पोकलेन तुम्ही पाहिले असेलच. (हे मूळचे एका फ्रेंच कंपनीचे नाव, आपण कोणत्याही उत्खनन यंत्राला ते लावतो.) अशा यंत्राचे वय वर्षांत किंवा किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, तर इंजिन किती तास चालले यावर मोजतात. त्यासाठी त्यावर अवर मीटर असतो. तेल केव्हा बदलायचे, जुने यंत्र कोणत्या किमतीला विकत घ्यायचे, हे सारे या तासांवर ठरते. आता हे तास, जळालेले डिझेल आणि यंत्राचे ठिकाण ही माहिती यंत्रावरील उपकरण मोबाइलच्या जाळ्यातून निर्मात्याच्या संगणकाकडे पाठवते.

ती तेथून मिळवायची कशी? तलाठ्याला गाव आणि गट क्रमांक सांगितला की तो उतारा देतो. त्याचे दप्तर आपण उपसत नाही. संगणकाच्या जगात अशा खिडकीला एपीआय म्हणतात. एका संगणकाने ठरलेल्या पद्धतीने यंत्राचा क्रमांक विचारायचा, दुसऱ्याने ठरलेल्या पद्धतीने नोंद द्यायची. पूर्वी प्रत्येक निर्मात्याची खिडकी निराळी होती. ज्याच्याकडे चार निर्मात्यांची यंत्रे, त्याला चार रीती शिकाव्या लागत. म्हणून एईएमपी या अमेरिकी संघटनेने २०१० मध्ये सर्वांसाठी एक सामाईक रीत आखली. पुढे २०१६ मध्ये तिची सुधारलेली आवृत्ती आयएसओ १५१४३-३ या नावाने आंतरराष्ट्रीय झाली, आणि २०२० मध्ये तिची नवी आवृत्ती निघाली. जुन्या रीतीत यंत्राची ताजी स्थिती तेवढी कळे. नव्या रीतीत मागच्या नोंदींची मालिकाही मागता येते. साहजिकच जुन्या खिडक्या मागे पडल्या. अशा खिडकीला इंग्रजीत ‘डेप्रिकेटेड’ म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘हे टळो अशी प्रार्थना करणे’. खिडकी अजून उघडी आहे, पण कृपया नवे काम घेऊन इकडे येऊ नका, असा त्याचा भाव.

माझ्या विद्यार्थ्याचे साधन अशाच जुन्या रीतीवर उभारलेले होते. मी त्याला म्हटले, “एका पोकलेनची शेवटची जुनी नोंद दाखव.” त्याने दाखवली: तास ‘पी१४५डीटी२एच’, इंधन १०,०००. एकक कोठेच नाही! भौतिकीच्या प्रयोगवहीत असे लिहिले असते तर मी गुण कापले असते.

आपण ही नोंद उलगडू. वेळेचे हे लेखन आयएसओ ८६०१ या मानकाप्रमाणे आहे: १४५ दिवस आणि २ तास. येथे दिवस २४ तासांचा धरायचा, आठ तासांच्या पाळीचा नव्हे. म्हणून १४५ × २४ + २ = ३४८२ तास. कामावरच्या मुकादमाने सवयीने आठाने गुणले तर ११६२ तास येतील आणि दमलेले यंत्र तरणेबांड ठरेल.

आता इंधन. नव्या साधनातील नोंद सांगते: ३५६२ तास, ३८,८१४ लिटर. म्हणजे मधल्या काळात यंत्र ८० तास चालले. जुने १०,००० लिटर मानले तर २८,८१४ लिटर डिझेल ८० तासांत जळाले. ताशी ३६० लिटर! एवढे डिझेल पिणारे हे यंत्र नव्हे. मग ब्रिटिश गॅलन असतील? ४.५४६ ने गुणा: ४५,४६० लिटर. म्हणजे यंत्राने डिझेल जाळायच्या ऐवजी साडेसहा हजार लिटर परत केले! राहिला अमेरिकन गॅलन, ३.७८५४ लिटरचा: ३७,८५४ लिटर. वजाबाकी ९६० लिटर, ताशी १२ लिटर. हे पटण्याजोगे आहे.

तुम्ही म्हणाल, एकक न लिहिताही उत्तर सापडले की! सापडले, कारण नवी नोंद शेजारी होती आणि यंत्र अजून कामावर होते. विकलेल्या यंत्राच्या नोंदीबाबत असा ताळा घेता येणार नाही.

याहून खोल खड्डा क्रमांकाचा. जुन्या साधनात यंत्र ‘पोकलेन ७’ अशा घरगुती नावाने शोधत. ते यंत्र विकले गेले, नवे आले, त्यालाही ७ नंबर मिळाला. दोन यंत्रांचे तास एकाच नावाखाली! निर्मात्याचा ओळखक्रमांक असा फिरत नाही. मातीकामाच्या यंत्रांसाठी आयएसओ १०२६१ या मानकात तो सतरा अक्षर-अंकांचा ठरवला आहे. कोणत्या तारखेपर्यंत ७ म्हणजे कोणते यंत्र, हे फक्त माझ्या विद्यार्थ्याला आणि एका जुन्या स्टोअरकीपरला ठाऊक होते. तो स्टोअरकीपर जूनमध्ये निवृत्त होणार होता. हे बोलता बोलता पोराचा चेहरा बदलला, आणि चहा निवेपर्यंत त्याने पुस्तिकेचे पहिले पान माझ्याच टेबलावर लिहून काढले: प्रत्येक रकान्याचे एकक, क्रमांकांचा इतिहास, नव्या साधनात तोच रकाना कोठे आहे, आणि कोणत्या नोंदींवर विसंबू नये.

मी आणखी एक सुचवले. बंद झाल्यावर जुन्या पत्त्यावर कोणी विचारणा केली तर ‘४०४’ असे उत्तर जाऊ देऊ नये. ४०४ म्हणजे ‘सापडत नाही’. पत्ता चुकला की वस्तू कधी नव्हतीच, काही कळत नाही. ‘४१०’ म्हणजे ‘येथे होते, ते कायमचे काढले आहे’. त्यासोबत पुस्तिका कोठे आहे हेही सांगता येते.

एक गणित तुमच्यासाठी ठेवतो. नोंदीच्या वेळेपुढे ‘झेड’ हे अक्षर असेल तर ती जागतिक प्रमाणवेळ. भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास. एका नोंदीची वेळ आहे ३१ मार्च, २०:१५ झेड. आपले आर्थिक वर्ष ३१ मार्चच्या मध्यरात्री संपते. नोंदीच्या आधीच्या तासाभरात यंत्राने जाळलेले डिझेल कोणत्या वर्षाच्या खर्चात धरायचे?