नवे टायर, तरी गाडी डावीकडे का ओढते?

प्रश्न : माझ्या स्पोर्ट्स कारला पुढे वेगळ्या कंपनीचे दोन नवे टायर बसवले. तेव्हापासून पुणे महामार्गावर ती डावीकडे ओढते. अलाइनमेंट करूनही फरक नाही. – एक वाचक, सोलापूर

उत्तर : आधी हवा तपासा, तीही टायर थंड असताना, सोलापुरी उन्हात दुपारचे माप फसवे. मग पुढच्या टायरांची आपसात अदलाबदल करा, फक्त त्यांवर दिशेचा बाण नसावा. ओढ उजवीकडे गेली तर दोष टायरचाच. तशीच राहिली, तर अलाइनमेंटमधल्या कॅम्बर-कॅस्टर या कोनांच्या आकड्यांचा छापील कागद मागा. बरेच मेकॅनिक नुसता टो (चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन) जुळवून मोकळे होतात. मला खरी धास्ती मागच्या झिजलेल्या टायरांची वाटते. ओल्या रस्त्यावर, वळणात मागची बाजू आधी सुटेल आणि अशी गाडी सावरणे अवघड. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे घ्या.