बंद पडलेले ट्रॅक्टरचे इंजिन सुरू करण्यापूर्वी

पेडणे व डिचोली तालुक्यांत तिळारीच्या कालव्याचे पाणी जेथे पोहोचते, तेथे वायंगणाच्या चिखलणीस विलंब परवडत नाही. मग गोठ्यालगत वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या जुन्या ट्रॅक्टरची आठवण होते. बॅटरी आणून लगेच स्टार्टर मारला जातो, आणि दुरुस्त होण्याजोगे इंजिन त्याच क्षणी निकामी होण्याचा संभव असतो.

याचे कारण आपले हवामान होय. पावसाळ्यातील दमट हवेने सिलिंडरच्या आत गंज चढतो व पिस्टनच्या रिंगा त्यास चिकटतात. धुराड्यावर झाकण नसल्यास पाणीही आत उतरते. पाणी दाबले जात नाही; स्टार्टरच्या जोराने पिस्टन वर ढकलला गेला की कनेक्टिंग रॉड वाकतो.

म्हणून बॅटरी न जोडता गिअर न्यूट्रलमध्ये आणावा व चाकांना दगड लावावेत. इंजेक्टर काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल व ऑईल यांचे थोडे मिश्रण सोडावे आणि दोन-तीन दिवस थांबावे. नंतर पुढील पुलीच्या नटास पाना लावून इंजिन हळूहळू पुढेमागे हलवावे. न हलल्यास पान्यास लांब पाईप जोडण्याचा मोह टाळावा. पुन्हा मिश्रण सोडून थांबावे. दोन पूर्ण फेरे अडथळ्याविना झाल्यास झडपाही मोकळ्या आहेत असे समजण्यास हरकत नाही. उरलेले ऑईल इंजेक्टरच्या छिद्रांतून बाहेर पडू द्यावे. त्या वेळी तोंड दूर ठेवावे.

टाकीतील जुने डिझेल व तळाचे पाणी काढून टाकावे. इंजिन ऑईल बदलावे. दुधासारखे दिसल्यास त्यात पाणी शिरले आहे. हवेच्या गाळणीत उंदरांचे घरटे हमखास सापडते! इंजेक्टर बसवून नवे डिझेल भरल्यावर फिल्टरवरील स्क्रू सैल करून हातपंप मारावा आणि बुडबुडे थांबून अखंड धार आली की स्क्रू आवळावा.

डिझेल तोडण्याची दांडी मोकळी असल्याची खात्री झाल्याखेरीज बॅटरी जोडू नये. ती जाम असल्यास इंजिन अनावर होऊ शकते. हवेचे तोंड झाकण्यासाठी फळी हाताशी असावी. ऑईलचा दाब काही सेकंदांत न दिसल्यास इंजिन तत्काळ बंद करावे.

सुट्या भागांची अडचण मात्र वेगळी. एच. एम. टी.ने १९७१ साली पिंजोर येथे ट्रॅक्टरनिर्मिती सुरू केली. तो विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला. अशा ट्रॅक्टरचे काढलेले इंजेक्टर वा पंप भंगारात न देता तेल लावून जपून ठेवावेत.