हायडी आणि तिचे म्हातारे मित्र

चिंतनासाठी शास्त्रपाठ : लूककृत शुभवर्तमान, अध्याय १५, ओव्या ११ ते ३२



आपल्यापैकी अनेकांच्या घरी तीन पिढ्या एकाच छपराखाली राहतात. म्हाताऱ्यांना वेळेवर जेवण आणि औषध मिळते. पण त्यांची नातवंडांशी मैत्री असते का? पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली आजीआजोबा आणि वृद्धांसाठी जागतिक दिन सुरू केला. तो जुलैच्या चौथ्या रविवारी पाळला जातो. त्यामागे हाच प्रश्न आहे. आज आपण एका जुन्या कादंबरीच्या मदतीने त्यावर विचार करू.

कादंबरीचे नाव ‘हायडी’. स्वित्झर्लंडच्या लेखिका योहाना स्पीरी (१८२७–१९०१) यांनी ती जर्मन भाषेत लिहिली. पहिला भाग १८८० साली आणि दुसरा १८८१ साली प्रसिद्ध झाला. मुलांसाठी लिहिलेले हे पुस्तक मोठ्यांनीही वाचावे असे आहे.

१. आजोबांचे दार उघडते

हायडी ही पाच वर्षांची अनाथ मुलगी. तिची मावशी तिला डोंगरावर एकट्या राहणाऱ्या आजोबांकडे आणून सोडते. तरुणपणी त्यांनी वडिलोपार्जित मालमत्ता उधळली, असे लोक सांगतात. देवाशी आणि माणसांशी त्यांनी संबंध तोडलेला आहे. गाव त्यांना घाबरते, पण हायडी घाबरत नाही. ती त्यांना प्रश्न विचारते, त्यांच्या कामात लुडबुड करते, माळ्यावरच्या सुक्या गवतात अंथरूण मागते. आजोबांना सुधारायचे असे तिच्या मनातही नाही. ती फक्त त्यांच्यावर विश्वास ठेवते.

खालच्या झोपडीत, शेळ्या राखणाऱ्या पीटरची अंध आजी राहते. तिच्या खिडकीची झडप वाऱ्याने आपटते, झोपडी करकरते. हायडी ते आजोबांना सांगते. कोणाच्या दारी न जाणारे आजोबा हातोडी घेऊन जातात आणि झोपडी दुरुस्त करतात. एका मुलीच्या मैत्रीमुळे दुसऱ्या घराचीही सोय होते.

२. एक आजी देते, दुसरीला मिळते

तीन वर्षांनी मावशी हायडीला फ्रँकफर्टला नेते. तेथे चाकांच्या खुर्चीत बसणाऱ्या क्लाराची सोबत करायची असते. घर श्रीमंत, जेवण भरपूर. पण डोंगराच्या आठवणीने हायडी झुरते. तिथल्या पांढऱ्या मऊ पावाचे तुकडे ती कपाटात साठवते, कारण पीटरच्या आजीला कडक काळी भाकरी चावत नाही. घरची व्यवस्थापिका ते सगळे फेकून देते. मुलीच्या मनात काय आहे, हे विचारायला तिला सवड नसते.

विचारते ती क्लाराची आजी. पीटरने सांगितल्यामुळे हायडीला वाटत असते की वाचणे आपल्याला जमणारच नाही. ही आजी तिला चित्रांचे पुस्तक दाखवते, धीर देते आणि हायडी वाचू लागते. प्रार्थना लगेच ऐकली गेली नाही तरी ती सोडू नये, हेही तीच शिकवते.

घरी परतल्यावर हायडी अंध आजीला जुन्या पुस्तकातली भक्तिगीते वाचून दाखवते. ते पुस्तक वर्षानुवर्षे फळीवर पडून होते. वाचणारे कोणी नव्हते. भेट मिळालेल्या पैशांतून हायडी तिला रोज मऊ पाव देऊ इच्छिते. पाव आजीला आवडतोच. पण वाचलेले ऐकून तिचा चेहरा जसा उजळतो, तसा पावाने उजळत नाही. फ्रँकफर्टच्या आजीने दिलेली विद्या अशी डोंगरावरच्या आजीपर्यंत पोहोचते.

३. उधळ्या पुत्राचा दाखला

एकदा आजोबा म्हणतात की, ज्याला देव विसरला त्याला परत जाता येत नाही. हायडीला हे मान्य नाही. ती आपल्या पुस्तकातून त्यांना उधळ्या पुत्राची गोष्ट वाचून दाखवते. आजोबा गप्प होतात. रात्री झोपलेल्या हायडीचे जोडलेले हात पाहून त्यांच्या डोळ्यांत पाणी येते आणि तेही हात जोडतात. दुसऱ्या दिवशी, रविवारी, ते तिचा हात धरून चर्चला जातात. गावही त्यांना आपलेसे करते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेऊ. हायडीने आजोबांना उपदेश केला नाही. आधी काही वर्षांची माया होती, म्हणून तिने वाचलेला दाखला त्यांच्या मनात उतरला. आपणही घरातल्या रुसलेल्या, दुरावलेल्या माणसाला शब्द ऐकवण्याची घाई करतो. आधी त्याच्याजवळ बसायला हवे.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरातील वृद्धांना औषधपाण्याशिवाय आणखी काय हवे आहे? ते आपण त्यांना विचारले आहे का?
२. आजीआजोबांकडून आपण काय शिकलो? ते पुढे कोणाला दिले?
३. आपल्या वाडीत, ज्याच्या दारी कोणी जात नाही असे कोण आहे?

या आठवड्यासाठी कृती

डोळे अधू झालेल्या एका वृद्ध व्यक्तीकडे घरातल्या मुलाला घेऊन जाऊ या. त्यांना जे ऐकायचे असेल ते, मग ते शुभवर्तमान असो वा वर्तमानपत्र, मुलाने दहा मिनिटे वाचून दाखवावे. नंतर मुलाने त्यांना त्यांच्या लहानपणची एक गोष्ट विचारावी आणि शेवटपर्यंत ऐकावी.