सामायिक की बेवारशी?

एन्व्हायर्नमेंटच्या पेपरला आपण सगळेच एक ठरलेलं उत्तर लिहितो : लोकसंख्या वाढली, माणूस हावरा झाला, जंगलं संपली. उपाय? जनजागृती! पण समाजशास्त्र इथे वेगळाच प्रश्न विचारतं. 'माणूस' म्हणजे नेमका कोण? आणि जंगल वापरायचे नियम कोण ठरवतं?

१९६८ साली गॅरेट हार्डिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने एक गाजलेला लेख लिहिला. कुरण सगळ्यांचं असलं की प्रत्येक जण आपलं एकेक जनावर वाढवत जातो. फायदा त्याचा एकट्याचा, नुकसान मात्र सगळ्यांचं. शेवटी गवतच उरत नाही. म्हणून खासगी मालकी तरी हवी, नाहीतर सरकारी ताबा. लॉजिक एकदम फिट वाटतं ना?

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी मात्र जगभरातली खरी उदाहरणं तपासली. स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल गावात १५१७ सालचा नियम होता : हिवाळ्यात जितक्या गाई घरच्या चाऱ्यावर पोसता येतील, तितक्याच उन्हाळ्यात सामायिक कुरणावर सोडायच्या. कुरण शतकानुशतकं टिकलं! म्हणजे हार्डिनचं कुरण सामायिक नव्हतंच, ते बेवारशी होतं. अर्थात, प्रत्येक गावाला हे जमतंच असं नाही. हद्द स्पष्ट हवी, नियम वापरणाऱ्यांनीच केलेले हवेत आणि मोडणाऱ्यावर लक्षही हवं. या कामासाठी २००९ मध्ये ऑस्ट्रॉमना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

योगायोग बघा, त्याच वर्षी गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तिथे ग्रामसभेचे निर्णय बहुमताने नाही, सर्वांच्या संमतीने होतात. तरी बांबू बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना वनखात्याच्याच हातात! ते परवाना-पुस्तक ग्रामसभेला मिळायला एप्रिल २०११ उजाडलं. हक्क कागदावर मिळणं आणि हातात येणं, यातलं हे अंतर.

मित्रांनो, उद्या आपल्यातलेच कुणी रस्ते, धरणं, खाणी डिझाइन करतील. नकाशावर जंगल म्हणजे नुसता हिरवा रंग असतो. त्यावर रेघ मारण्याआधी एवढं विचारू या : इथे कुणाचे नियम आधीपासून चालू आहेत? आपल्या सिलॅबसमध्ये हा प्रश्न नाही. पण त्याचं उत्तर चुकलं, तर मार्क आपले जाणार नाहीत, गाव दुसऱ्याचं जाईल.